तीन कवचं आणि एक बाही

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता हेडसाहेबांना त्यांच्याच घरातल्या संगणकाने नोटीस बजावली, आणि खरं सांगायचं तर निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत साहेबांना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

नोटीस म्हणजे कशी, तर लाल चौकट, वर ढालीचं चित्र, खाली मुदत. 'प्रिय वापरकर्ता, आपल्या संगणकात ४१७ धोके सापडले गेले आहे. तात्काळ कारवाई करणे कृपया.' खाली नाव होतं, परमरक्षक सुरक्षा कवच. दुसऱ्या कुणाला ती भाषा वाचूनच शंका आली असती. साहेबांची शंका भाषेमुळेच फिटली. चौतीस वर्षं अभिलेख कक्षात, म्हणजे जुन्या फाईली जिथे मरायला पाठवतात त्या खोलीत, काढलेला माणूस तो. त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. इतकी मोडकी वाक्यं फक्त वरूनच येतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

त्यांनी चष्मा पुसला. कपाटातून कोरी वही काढली, पट्टीने रेघा मारल्या आणि वळणदार अक्षरात लिहिलं: आवक क्रमांक एक. विषय, धोके. संख्या, ४१७.

"अहो, जे काय असेल ते बंद करा ना," स्वयंपाकघरातून बाई म्हणाल्या. "मला कॉलरचं प्रकरण पुरं करायचंय."

बाई म्हणजे साहेबांची बायको. सव्वीस वर्षं शिवणाचे क्लास घेतल्यामुळे अख्खी गल्ली त्यांना बाई म्हणायची. 'मापापासून बटणापर्यंत' नावाचं शिवणाचं पुस्तक त्यांनी लिहिलं होतं, कॉलर तेवढी राहिली होती. दोन बोटांनी, दोन वर्षं, दोनशे बारा पानं. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत ते प्रकाशकाकडे पोचलं नाही, तर तो त्यांच्या जागी घरगुती मेणबत्त्यांचं पुस्तक काढणार होता आणि बाईंचं पुस्तक गेलं पुढच्या वर्षावर. त्या पुस्तकाची एकुलती एक प्रत या संगणकात होती.

एकुलती एक का, तर साहेबांची तशी शिस्त. लेकीने मागे एकदा सांगितलं होतं की बाबा, आणखी एक प्रत कुठेतरी काढून ठेवा. साहेबांनी तिला समजावलं की मूळ प्रत नेहमी एकच असावी, दोन झाल्या की खरी कुठली यावर वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होतो. लेक दुसऱ्या शहरात राहत असल्यामुळे तिने वाद घातला नाही.

पुस्तक तपासायचं कामही साहेबांकडेच होतं. "नीट वाचा हं, शब्द न् शब्द," बाईंनी बजावलं होतं. "शिकणाऱ्या पोरीला एक ओळ चुकीची मिळाली की कापड वाया." मागच्या रविवारी जेवण झाल्यावर साहेब संगणकासमोर बसले, बाई बटणं आणायला गेल्या, आणि परत आल्या तेव्हा टेबलावर चिठ्ठी तयार होती. 'तपासले. बरोबर आहे.' खाली सही, तारीख. बाईंनी चिठ्ठी बघितली, मग घड्याळ बघितलं आणि त्या बटणं ठेवायला आत गेल्या.

तर ते असो. नोटिशीकडे येऊ.

"अगं, नोटीस बंद करायची नसते," साहेब म्हणाले. "तिला उत्तर द्यायचं असतं."

तासाभराने नोटीस पुन्हा आली, तेव्हा धोके ४३० झाले होते. चहानंतर आली तेव्हा ३९८. एखाद्या साध्या माणसाच्या मनात आलं असतं की हा आकडा कुणीतरी मनाला येईल तसा ठोकतंय. साहेबांनी वजाबाकी केली आणि शेरा मारला: बत्तीस धोके विनाकारवाई निकाली, प्रगती समाधानकारक.

पुढची पायरी मात्र अवघड होती. परमरक्षक धोके मोफत शोधत होता, पण घालवायचे तर पैसे भरून नोंदणी करा म्हणत होता. साहेबांनी पाकिटातून बँकेचं कार्ड काढलं आणि तिथेच त्यांचा हात थबकला. अक्कल आडवी आली असं कुणाला वाटेल, तर तसं काही नाही. नियम आडवा आला. कुठलीही खरेदी तीन दरपत्रकं मागवल्याशिवाय करायची नाही. एका दरपत्रकावर खरेदी केली म्हणून त्यांच्या डोळ्यांदेखत दोन माणसं घरी गेली होती.

उरलेली दोन दरपत्रकं शोधायला फार हिंडावं लागलं नाही. पडद्याच्या कोपऱ्यात महाभेदी विषाणूनाशक मघापासून डोळे मिचकावत उभाच होता, आणि त्याला आत घेतलं तर त्याच्या पाठोपाठ शांतिदूत क्लीनर आला. प्रत्येकाने आत शिरताना अदबीने विचारलं की घरात आधीचा पहारेकरी आहे, त्याला बंद करू का? हा आधीचा पहारेकरी संगणकाबरोबरच आलेला होता आणि इतकी वर्षं चकार शब्द न काढता आपलं काम करत होता. साहेबांनी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. 'कामकाज दिसून येत नाही' या कारणावरून त्यांनी त्याला कमी केलं आणि 'होय' दाबलं.

मंगळवारची दुपार फार सुखात गेली. परमरक्षकाने कळवलं की महाभेदी हा विषाणू आहे. महाभेदीने कळवलं की परमरक्षक हाच विषाणू आहे. शांतिदूताने दोघांची नावं घेतली आणि स्वतःचीही चुकून घेतली. ज्या माणसाने बांधकाम खातं आणि पाणीपुरवठा खातं यांच्यामधल्या एका भिंतीची फाईल एकोणीस वर्षं सांभाळली होती, त्याला हे सगळं माहेरी आल्यासारखं वाटलं. त्यांनी तुलनात्मक तक्ता आखला आणि तिन्ही पक्षांना आपापलं म्हणणं मांडायला बुधवारची वेळ दिली.

बुधवारी बाई कॉलर पुरी करायला बसल्या. संगणक उघडायला दहा मिनिटं लागली. पुस्तकाची फाईल दाबली तर भोंगा वाजला आणि लाल चौकटीत मजकूर आला: 'ही फाईल अतिधोकादायक आहे. उघडायची असल्यास नोंदणी करा.'

"माझ्या बाह्यांत आणि बटणांच्या काजांत काय धोकादायक आहे?" बाईंनी विचारलं.

"चौकशी चालू आहे," साहेब म्हणाले.

बाईंनी फाईल पुन्हा दाबली. पुन्हा भोंगा. तिसऱ्यांदा त्यांनी दाबलीच नाही. त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि हात मांडीवर ठेवून नुसत्या बसून राहिल्या. "दोन वर्षांचं काम आहे हो माझं त्यात," त्या म्हणाल्या. चौतीस वर्षांत समोर कुणी असं बसलं की काय करायचं हे साहेबांना एकच माहीत होतं, आणि ते म्हणजे आणखी एक नोंद.

बातमी जिन्यावरून वर गेली आणि सल्ला घेऊन खाली आली. वरच्या मजल्यावरचे बँकवाले, जे पंधरा वर्षं नोटा मोजायच्या यंत्राशेजारी बसत असल्यामुळे स्वतःला यंत्रांतले जाणकार समजत, पाठीमागे हात बांधून संगणकासमोर उभे राहिले. "पंधरा मिनिटं प्लग काढून ठेवा," ते म्हणाले. "आमचा फ्रीज असाच सुधारला." प्लग काढला. पंधरा मिनिटांनी लावला. तिन्ही कवचं ताजीतवानी होऊन उठली आणि धोके सहाशेवर गेले.

शेजारच्या काकू उंबऱ्याच्या आत आल्याच नाहीत. त्यांच्या भाच्याच्या संगणकाला अशीच लागण झाली होती, ती शेजारी ठेवलेल्या फोनला लागली आणि फोनवरून कुणाकुणाला लागली ते त्या आता सांगत बसणार नव्हत्या. नाकाला रुमाल लावून त्यांनी दारातून विचारलं, "शिंका येतायत का त्याला?"

लेकीचा फोन आला. "बाबा, ते तिन्ही खोटे आहेत. काहीही दाबू नका, पैसे तर मुळीच भरू नका. इंटरनेटची वायर काढा आणि दुरुस्तीवाल्या कुणाला तरी बोलवा." साहेबांनी वहीत लिहिलं: तोंडी सूचना प्राप्त. लेखी आल्यावर विचार करता येईल.

गुरुवारी त्यांनी परमरक्षकाच्या मदत केंद्राला फोन लावला. नोटिशीच्या खालीच मोठ्या अक्षरांत नंबर होता. पलीकडे एक गोड आवाजाचा माणूस होता. आपण वरिष्ठ सुरक्षा तज्ज्ञ आहोत आणि साहेबांचा संगणक चार मिनिटांत कायमचा बंद पडणार आहे, असं त्याने सांगितलं. साहेबांनी फक्त संगणकाचा ताबा द्यायचा आणि कार्डाचा नंबर वाचून दाखवायचा, बाकी सगळं तो बघणार होता.

"आपलं पदनाम काय म्हणालात?" साहेबांनी पेन उघडलं.

"सर, वेळ नाहीये. तीन मिनिटं राहिली."

"मग मुदतवाढीचा अर्ज कुणाकडे करायचा?"

मग साहेबांनी त्याच्या नोटिशीचा जावक क्रमांक विचारला. ताबा घेण्याचा अधिकार कुठल्या आदेशाने मिळाला ते विचारलं, त्या आदेशाच्या दोन प्रती मागितल्या, एक माहितीसाठी आणि एक कारवाईसाठी. ४१७ धोक्यांची नाववार यादी मागितली. तज्ज्ञाने दमदाटी केली, साहेबांनी ती टिपून घेतली आणि त्याला वाचून दाखवली, शब्दरचना बरोबर आहे ना म्हणून. अशी पन्नास मिनिटं गेली. शेवटी तो माणूस थकलेल्या आवाजात म्हणाला, "काका, राहू द्या," आणि त्याने फोन ठेवला.

साहेब रिसीव्हरकडे बघत राहिले. आजवर लोकांचे फोन त्यांनी ठेवले होते. त्यांचा कुणी ठेवला नव्हता. त्यांनी पुन्हा लावला, लागेना. बँकवाल्यांच्या फोनवरून लावला, तर त्यांचा आवाज ऐकताच पुन्हा कट. चोरसुद्धा आपल्याशी व्यवहार करायला तयार नाही, हे त्यांना तेव्हा कळलं नाही, पण अपमान मात्र पुरेपूर कळला.

शुक्रवारी सकाळी बाईंनी चपला घातल्या, कुणाला काही विचारलं नाही आणि बाजाराच्या कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवालीला घेऊन आल्या. ही चाळिशीची, धिप्पाड बाई. खांद्याला पिशवी, चष्मा केसांत खोवलेला, आणि जगात मूर्ख लोक आहेत म्हणून आपलं दुकान चालतं याबद्दल मनात कसलीही कटुता नसलेली.

"किती आहेत?" तिने विचारलं.

"तीन," साहेब म्हणाले.

"तीन कशाला?"

"नियमाप्रमाणे."

दुरुस्तीवालीने बाईंकडे बघितलं. बाईंनी खिडकीकडे बघितलं.

"काका, हे तिन्ही चोर आहेत," ती म्हणाली. "खरा पहारेकरी असा बोंबलत नाही, आणि आधी पैसे भर मग चोर पकडतो असं म्हणत नाही. चौकट बंद होऊ देत नाही तोही खोटाच समजायचा. हे फोनबिनवर कार्डाचा नंबर वगैरे दिलात का त्यांना?"

"त्यांनीच मला काही दिलं नाही," साहेब दुखावल्या सुरात म्हणाले. "आणि चोर म्हणताय, त्याला पुरावा काय?"

तिने एक सुस्कारा सोडला आणि परमरक्षकाचं 'तपासणी करा' दाबलं. हिरवी पट्टी सरकली, टिंग वाजलं. "किती फाईली तपासल्या म्हणतोय?"

"एक लाख चौऱ्याऐंशी हजार."

"आणि वेळ किती लागला?"

साहेबांनी पडद्यावर वाचलं. नऊ सेकंद.

इथे साहेबांचा चेहरा बदलला. लाल रंग, भोंगा, बदलते आकडे, कार्डाची मागणी, यांतलं काहीही त्यांना चार दिवसांत खटकलं नव्हतं. पण नऊ सेकंदांचं काम त्यांना एका नजरेत कळलं. दर मार्चमध्ये अभिलेख कक्षाची वार्षिक तपासणी व्हायची, एकेचाळीस हजार फाईली, आणि ती तपासणी साहेब करायचे. दारात उभं राहायचं, दिवा लावायचा, सगळं जागच्या जागी दिसतंय ना बघायचं, दिवा मालवायचा आणि प्रमाणपत्रावर सही करायची. अकरा वर्षांत एकही फाईल कमी भरली नव्हती. खात्याने त्याबद्दल त्यांना शालही दिली होती.

"याने तपासलेलं नाही," साहेब हळूच म्हणाले. "याने नुसती सही केलीय."

"आता कसं बोललात," दुरुस्तीवाली म्हणाली आणि कामाला लागली.

तिने आधी इंटरनेटची वायर उपटली. मग संगणक अशा तऱ्हेने चालू केला की त्यातलं फक्त गरजेपुरतं जागं होईल. यादीत जाऊन एकेका कवचाला बाहेर काढलं. प्रत्येक जण जाताना गयावया करत होता, खरंच काढणार का, तुम्ही असुरक्षित व्हाल. शांतिदूत जाता जाईना, तेव्हा त्याचं चालू काम आधी थांबवलं आणि मग उचलून टाकलं. नोटिशी पाठवायची जी परवानगी साहेबांनी कुठल्या कुठल्या पानांना देऊन ठेवली होती ती काढून घेतली. शेवटी जुन्या मुक्या पहारेकऱ्याला पुन्हा कामावर घेतलं आणि त्याला सगळं तपासायला लावलं. त्याला तीन तास दहा मिनिटं लागली. 'दोन वस्तू सापडल्या, काढल्या,' एवढंच बोलून तो गप्प झाला.

पुस्तकाची फाईल उघडली. दोनशे बारा पानं, सगळी जागेवर. बाईंनी पडद्याला हात लावून बघितला. दुरुस्तीवालीने दोन पेनड्राइव्हवर दोन प्रती काढल्या आणि दोन्ही बाईंच्या हातात दिल्या, साहेबांच्या नाही. पासवर्ड बदला म्हणून सांगितलं आणि गेली. बाईंनी त्याच संध्याकाळी कॉलर पुरी केली.

शनिवारी दुपारी दोन वाजता बाई प्रकाशकाला पुस्तक पाठवायला बसल्या. पत्ता घातला, फाईल जोडली. बोट कळीवर ठेवलं.

"थांब," साहेब म्हणाले.

"आता काय?"

कालपासून त्यांना झोप लागली नव्हती. ते खुर्ची ओढून बाईंशेजारी बसले, उगाच चष्मा काढून परत लावला. "मी वाचलेलं नाही ते," ते म्हणाले. "त्या रविवारी. पानं सरकवली आणि सही केली."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"मी बटणं आणायला गेले आणि आले. वीस मिनिटं झाली होती."

"मग तशीच पाठवायला का निघालीस?"

बाईंनी कळीवरचं बोट काढलं. "मला वाटलं, वाचण्यासारखं नसेल त्यात काही," त्या म्हणाल्या. "चांगलं असतं तर तुम्ही दोन पानं तरी वाचली असती. म्हटलं, नकोच विचारायला."

हे असलं कशात नोंदवायचं, ते साहेबांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. लोकांनी टेबलासमोर रडारड केली तेव्हाही त्यांना इतकं वाटलं नव्हतं. ते म्हणाले, "कुठलं प्रकरण सगळ्यात अवघड?"

"बाही."

"कापड दे."

एवढ्या आयुष्यात साहेबांनी सुईत दोरा ओवला नव्हता. पण लिहिलेलं जसंच्या तसं करण्यात त्यांचा हात धरणारा माणूस नव्हता. बाईंनी दिलेला पेनड्राइव्ह कोपऱ्यावर नेऊन त्यांनी सगळी पानं छापून आणली आणि पान शहाण्णव काढून ते शिवणाच्या मशीनवर बसले. पुस्तकाने सांगितलं तिथे खूण केली, सांगितलं तसं कापलं, उलटी घडी घातली. बगलेपासून मनगटापर्यंत टीप मारली. स्वतःच्या बुद्धीने त्यांनी काही म्हणजे काही केलं नाही. पावणेचारला बाही तयार झाली. साहेबांनी तिच्यात हात घातला. हात मनगटापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. बाहीला दुसरं तोंडच नव्हतं.

"काय करून ठेवलंत हे?" बाई म्हणाल्या. "पुढची कडा दोन्हीकडून शिवून टाकलीत तुम्ही."

"पायरी सहा वाच," साहेब म्हणाले.

"'मनगटाची कडा दुमडून टीप घाला.' बरोबर आहे की."

"मी दुमडली. टीप घातली."

"अहो, पण आधी घडी उघडायची. गोल फिरवत..." बाई थांबल्या. त्यांनी पायरी सहा पुन्हा वाचली. मग पाच, मग सात. मग बोटाने ओळ धरून पुन्हा सहा. "मी लिहिलंच नाही," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षं पोरी माझ्या हातांकडे बघून शिकल्या. घडी उघडा असं मला कधी तोंडाने सांगावंच लागलं नाही. हात आपोआप उघडतात." त्या मटकन स्टुलावर बसल्या. "हे असंच छापून गेलं असतं. गावोगावच्या पोरींनी बाह्या बंद करून ठेवल्या असत्या आणि म्हणाल्या असत्या, आम्हालाच जमत नाही."

साहेबांनी आज कुठलाही शेरा मारला नाही. त्यांनी समासात पेन्सिलने 'घडी उघडा' एवढं लिहिलं आणि तसेच, बाहीत अडकलेल्या हाताने, पुढच्या पायरीवर गेले.

साडेचारला प्रकाशकाचा फोन आला. त्याला घाई होती आणि ती तो लपवत नव्हता.

"तयार आहे हो, दोन-दोन प्रती आहेत," बाई म्हणाल्या. "पण आज पाठवत नाहीये." पलीकडून बरंच काही बोललं गेलं. बाईंनी ते ऐकून घेतलं. "हो, ठाऊक आहे. मग यंदा मेणबत्त्याच काढा तुम्ही. नाही, आजारी वगैरे कुणी नाही. आमचे हे वाचतायत अजून."

फोन ठेवून त्या कात्री घेऊन आल्या आणि साहेबांच्या मुठीवरची टीप एकेक टाका करून उसवायला लागल्या. "हलू नका," त्या म्हणाल्या. साहेबांनी मोकळ्या हाताने पान उलटलं आणि विचारलं, "हे काज म्हणजे आधी कापायचं की आधी शिवायचं? तू दोन्ही लिहिलंयस."